तंबाखू व्यवसाय आणि त्याचे नियमन (निपाणी)

बेळगाव जिल्ह्यातील निपाणी आणि भोवतालची मराठीभाषक गावे यांचे अर्थकारण पिढ्यान्‌पिढ्या विडीच्या तंबाखूवर चालत आले आहे. हा धंदा गावाला पोसतो आणि माणसाचे शरीर पोखरतो, म्हणून त्याला कायद्याचा लगाम कुठे आणि किती घालायचा हा इथला जुना प्रश्न आहे.

उन्हात वाळवलेला तंबाखू वखारीत येतो. तो कुटणे, चाळणे, निवडणे ही कामे मुख्यतः बायकांची. चाळण हलली की तंबाखूच्या धुळीचा खकाणा उठतो. पदर नाकातोंडावर घट्ट बांधला तरी घसा जळतो आणि घरी गेल्यावरही लुगड्याचा वास जात नाही. रोजची मजुरी आणि कामाचे तास यांसाठी या बायका 1980 च्या सुमारास संघटित झाल्या. सीमाभागाच्या इतिहासात भाषेच्या लढ्याइतकेच मोल या लढ्याला द्यायला हवे.

शेतकऱ्याचे दुखणे वेगळे. 1975 च्या कायद्याने आलेल्या तंबाखू मंडळाचा लिलाव सिगारेटच्या व्हर्जिनिया तंबाखूपुरता आहे. विडीच्या तंबाखूचा भाव व्यापाऱ्याशी घासाघीस करूनच ठरतो. भावासाठी 1981 मध्ये शेतकरी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली पुणे–बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले. 6 एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात शेतकरी मारले गेले. नियमन नसले की त्याची किंमतही जिवाने मोजावी लागते, हे निपाणीने पाहिले आहे.

विडी कामगारांसाठी 1966 चा कायदा झाला. त्यात घरी बसून विड्या वळणाऱ्याही धरल्या होत्या. 1976 मध्ये विडीवरच्या उपकरातून कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. दवाखाने आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या त्यातून चालत. 2017 मध्ये जीएसटी आला, विडीवर 28 टक्के कर बसला आणि निधीचा तो उपकरच रद्द झाला. कर वाढला, पण कामगाराच्या नावाने वेगळा निघणारा पैसा थांबला. ही चूक दुरुस्त व्हायलाच हवी.

ओढणाऱ्यासाठी तंबाखू नियंत्रणाचा 2003 चा कायदा आहे; 2016 पासून पुड्याचा 85 टक्के भाग चित्रमय इशाऱ्याने व्यापतो. जागतिक तंबाखू नियंत्रण करारावर भारताने 2004 मध्ये शिक्कामोर्तब केले. त्याचे 17 वे कलम शेतकरी व कामगारांना परवडणारा पर्यायी रोजगार देण्याविषयी आहे. वेदगंगा-दूधगंगेच्या पाण्यावर बरेच शेतकरी उसाकडे वळले. वखारीतल्या बाईकडे ना जमीन, ना पाणी. तिच्यासाठी पर्याय म्हणजे आठवड्याच्या आठवड्याला तेवढाच रोख रोज हातात पडेल असे काम, तेही निपाणीतच.