इंजिन लहान होतं, पाणी होत नाही

नेरळ-माथेरानच्या एका डिझेल इंजिनाला मध्य रेल्वेने मध्यंतरी वाफेच्या इंजिनाचं रूप चढवलं. फोटो फिरले आणि त्यावर एक सल्लाही सगळीकडे फिरला : नुसता मुखवटा कशाला, जुन्या इंजिनाची ड्रॉइंग्ज काढा, प्रत्येक मापाला पाचाने भागा आणि खरोखर वाफेवर चालणारं छोटं इंजिन बनवा, आता तर थ्रीडी प्रिंटरही आहेत. सल्ला चांगला आहे. छोटी वाफेची इंजिनं बनतात, चालतात, माणसंही ओढतात. फक्त प्रत्येक मापाला पाचाने भागून बनवलेलं इंजिन चालत नाही. चाललंच, तर त्याच्याजवळ मी उभा राहणार नाही.

उदाहरणाला माथेरानचंच इंजिन घेऊ. आदमजी पीरभॉय कुटुंबाने बांधलेला हा मार्ग १९०७ मध्ये सुरू झाला. रुळांमधलं अंतर ६१० मिलिमीटर, म्हणजे दोन फूट. चढ काही ठिकाणी २० ला १, आणि वळणं अशी की गाडीचं शेपूट खिडकीतून दिसावं. त्यासाठी ओरेन्श्टाइन उंड कोप्पेल या जर्मन कंपनीने सहा चाकांची खास इंजिनं बनवली. सहा चाकं एका ताठ सांगाड्यात घट्ट बसवली तर असल्या वळणावर ती रुळाला घासतात किंवा रूळ सोडतात. यावर उपाय क्लीन-लिंडनर आसाचा. पुढच्या आणि मागच्या जोडीला आस दुहेरी : आतला भरीव, तो सांगाड्यात जागच्या जागी फिरतो, त्याच्यावर बाहेरून एक पोकळ आस, चाकं या पोकळ आसाला. दोघांची गाठ फक्त मधोमध, एका गोळ्यावर आणि आरपार पिनेवर. फिरण्याचा जोर पिनेतून जातो आणि चाकांची जोडी गोळ्यावर डावी-उजवीकडे वळू शकते.

ही करामत पाचपट लहान करा, जशीच्या तशी चालते. ती निव्वळ भूमिती आहे, आणि भूमितीला आकाराशी देणंघेणं नसतं. देणंघेणं असतं ते पोलादाला, आगीला, वाफेला आणि सगळ्यात जास्त पाण्याला.

छंदी कारागिरांमध्ये १२७ मिलिमीटर, म्हणजे पाच इंची रूळ बरेच चालतात. त्यावर माथेरानचं इंजिन साधारण पाचपट लहान होऊन बसतं (काटेकोर ४.८, पण पाच धरू). आपलं ब्रॉडगेज इंजिन याच रुळांवर बसवायचं तर तेरापट लहान करावं लागेल. नॅरोगेजच्या मॉडेलवर लोकांचा जीव का, त्याचं हे एक कारण : रूळ तेच, पण फायरबॉक्समध्ये, म्हणजे आगीच्या पेटीत, कोळशाचा खरा थर मावतो आणि हात आत जातो.

लांबी पाचपट कमी झाली की क्षेत्रफळ २५ पट कमी होतं आणि घनफळ १२५ पट. शाळेतलं गणित. आता ते बॉयलरला लावू. बॉयलरच्या गोल भिंतीतला ताण म्हणजे दाब गुणिले व्यास, भागिले जाडीची दुप्पट. व्यास आणि जाडी दोन्ही पाचाने भागली तर ताण तेवढाच राहतो. म्हणजे 'छोटा बॉयलर, त्याला काय होतंय' ही समजूत चूक. साठवलेली ऊर्जा कमी असते, खरं आहे. पण पत्रा तेवढाच ताणलेला असतो. शिवाय मॉडेलचा बॉयलर बहुधा तांब्याचा, आणि तांबं पोलादाच्या मानाने लेचंपेचं. म्हणून इथे पहिली तडजोड : पत्रा प्रमाणापेक्षा जाड घ्यायचा आणि दाब साधारण ५ ते ६ बारवर ठेवायचा. घरातल्या कुकरची शिटी एका बारच्या आसपास होते, त्यावरून अंदाज घ्या.

तांब्याचा पत्रा मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात विझवला की मऊ पडतो. मग साच्यावर ठोकून कडा वळवायच्या. थोडं ठोकलं की तो पुन्हा कडक होतो आणि हातोडी टणटण उसळायला लागते, पुन्हा तापवायचा. जोड चांदीच्या झाळेचे. तापत असताना आधी फ्लक्स (जोड स्वच्छ ठेवणारा लेप) फसफसतो, पांढरा फुलतो, मग काचेसारखा पातळ होतो; तो पातळ झाला की काडी टेकवायची, आणि झाळ क्षणात फटीत ओढली जाते. का ओढली जाते ते पुढे येईलच, कारण तीच गोष्ट पुढे आपल्या मुळावर उठणार आहे. बॉयलर झाला की तो पाण्याने पूर्ण भरून कामाच्या दुप्पट दाबावर तपासायचा. हवेने नाही, पाण्याने. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, त्यामुळे जोड सुटला तर पाण्याची चिळकांडी उडते, स्फोट होत नाही. पहिल्या वाफेआधी नारळ फोडायची पद्धत आहे. जरूर फोडा, खोबरं खाता येतं. दाबाची तपासणी मात्र नारळाच्या आधी.

आता बॉयलरमधल्या धुराच्या नळ्या, आगीचा गरम धूर पाण्यातून नेणाऱ्या. मूळ इंजिनात १२० इंच लांब आणि आतून दीड इंच व्यासाची नळी धरा. इंग्लंडमधल्या मॉडेल कारागिरांचा जुना ठोकताळा असा, की नळीची लांबी भागिले व्यासाचा वर्ग (दोन्ही इंचात) ५० ते ७० च्या दरम्यान यावं. इथे ५३ येतं, उत्तम. पाचाने भागा : २४ इंच आणि ०.३ इंच. गुणोत्तर थेट २६७! बारीक नळीत वायूचा थर भिंतीला चिकटून रेंगाळतो, धुराची ओढ मरते, आग गुदमरते, आणि नळीच्या पहिल्या तुकड्यातच उष्णता संपल्याने उरलेली लांबी फुकट जाते. म्हणून मॉडेलमध्ये नळ्या कमी, पण प्रमाणापेक्षा रुंद घालतात. बाहेरून हे कोणाला दिसत नाही.

माझा लाडका भाग मात्र गेज ग्लास. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते दाखवणारी ही उभी काचनळी, वर वाफेला आणि खाली पाण्याला जोडलेली. ड्रायव्हरची नजर सर्वात जास्त वेळा हिच्यावर जाते, कारण फायरबॉक्सच्या छतावर पाणी असलंच पाहिजे. ते उघडं पडलं की खालून आग आणि वर नुसती वाफ. तांबं मऊ पडतं आणि आत दबतं.

मोठ्या इंजिनावरची नळी आतून १० मिलिमीटरची समजू. पाचाने भागली की २. दिसायला फार गोड दिसते. पण काचेला पाणी चिकटतं आणि कडेने वर चढतं. चढवणारं बल नळीच्या परिघावर अवलंबून, म्हणजे त्रिज्येवर. उचललं जाणारं वजन मात्र त्रिज्येचा वर्ग गुणिले उंची. दोन्ही समान झाले की पाणी थांबतं. म्हणून उंची त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात : नळी पाचपट बारीक, चढ पाचपट जास्त. १ मिलिमीटर त्रिज्येच्या स्वच्छ नळीत थंड पाणी साधारण १५ मिलिमीटर चढतं. तापल्यावर पृष्ठताण कमी होतो, तरी १६० अंश सेल्सिअसला, म्हणजे आपल्या ५ बारच्या वाफेला, सुमारे १० मिलिमीटर उरतातच.

आता हिशेब बघा. मूळ काच २५० मिलिमीटरची असेल तर मॉडेलची ५०. त्यातले १० मिलिमीटर खोटे. मोठ्या इंजिनावर हीच चूक जेमतेम २ मिलिमीटर, तीही २५० मध्ये. तिकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. शिवाय चूक नेमकी घातक बाजूला आहे : काच नेहमी असल्यापेक्षा जास्त पाणी दाखवणार. छतावर दहा-बारा मिलिमीटर पाणी राखून गाडी चालवणाऱ्याला काचेत सगळं आलबेल दिसेल आणि छत कोरडं पडत आलेलं असेल. भरीला बारीक नळीत वाफेचा बुडबुडा अडकतो आणि वरचा पाण्याचा थेंब बुचासारखा तिथेच बसतो. पातळी उतरते, थेंब उतरत नाही.

म्हणून इथे प्रमाण सरळ मोडायचं. आतून ५ मिलिमीटरची नळी लावली की चढ ४ मिलिमीटरवर येतो आणि बुडबुडे सुटून वर जातात. केबिनमध्ये ती बोजड दिसते. प्रदर्शनात कुणीतरी जाणकार बोट दाखवून 'ही स्केलमध्ये नाही' म्हणतोच. म्हणू द्या.

गंमत अशी की माथेरानच्या चढावर पाण्याची दुसरी एक चूक होते आणि ती अगदी प्रमाणात असते. २० ला १ चढावर तीन मीटरच्या बॉयलरमध्ये पाण्याच्या पातळीत दोन टोकांना १५ सेंटीमीटरचा फरक पडतो. साठ सेंटीमीटरच्या मॉडेलमध्ये ३ सेंटीमीटर. ही पुन्हा भूमिती. एकाच काचेत एक चूक प्रमाण पाळते आणि दुसरी पाळत नाही.

सिलिंडरचं थोडक्यात : आतल्या वाफेच्या मानाने भिंतीचं क्षेत्रफळ पाचपट वाढतं, म्हणून थंड सिलिंडरात वाफेचं भराभर पाणी होतं. निघताना ड्रेन कॉक उघडे ठेवून ते काढलं नाही तर पिस्टन न दबणाऱ्या पाण्यावर आदळतो आणि झाकण फुटतं. 'पाण्यावर चालणारं इंजिन' असे निरोप पाठवणाऱ्यांनी हे एकदा पाहावं. काम उष्णता करते. पाणी तिचा हमाल आहे, आणि नको तिथे आडवा येणारा.

एका ठिकाणी मात्र प्रमाण आपल्या बाजूने आहे. दाब तोच ठेवला तर पिस्टनचा जोर २५ पट घटतो, पण वजन १२५ पट. म्हणजे वजनाच्या मानाने जोर पाचपट जास्त. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरला वाफ सोडणारी झडप, झटक्यात उघडला तर चाकं जागच्या जागी गरगरतात. दाब कमी ठेवणं परवडतं ते यामुळेच. मूळ इंजिन २० टनांचं धरलं तर मॉडेल १६० किलोचं. चाकांची पकड वजनाचा पाचवा हिस्सा धरली तर ओढ ३२ किलोची. २० ला १ चढाला वजनाच्या ५ टक्के जोर लागतो, घर्षणाला आणखी २ टक्के धरा. ३२ किलोच्या ओढीत एकूण साडेचारशे किलो वर जातील. त्यातून इंजिनाचे १६० वजा केले की मागे तीनशेच्या आसपास उरतात. ट्रॉलीचं वजन धरून तीन-चार माणसं, माथेरानच्या चढाला. उतरताना हेच तीनशे किलो इंजिनाला मागून ढकलतात, त्यामुळे ब्रेक इंजिनापेक्षा ट्रॉलीला आधी बसवायचा.