लॉगमधली आडवी रेघ

हळदीचे सौदे सुरू झाले की सांगलीच्या मार्केट यार्डात कुणाला मान वर करायला सवड नसते. अशाच एका सकाळी ओळखीच्या अडत दुकानातून मालकांच्या मुलाचा फोन आला. "काका, सर्व्हरच्या लॉगमध्ये ४०१ च ४०१ दिसतायत. कुणीतरी हॅक करतंय बघा." लॉग म्हणजे सर्व्हरकडे आलेल्या प्रत्येक मागणीची नोंदवही. गेलो, त्याच्या शेजारी बसून तिची एकेक ओळ वाचली. बहुतेक ओळींत कुणाची चूकच नव्हती.

पट्ट्यांचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या विक्रीच्या पावत्यांचा, हिशेब असलेलं त्यांचं पान पासवर्डामागे आहे. ब्राउझर ते पहिल्यांदा मागतो तेव्हा रिकाम्या हातानेच जातो. इथं पासवर्ड लागतो हे त्याला ठाऊकच नसतं. सर्व्हर ४०१ हा आकडा पाठवतो आणि ओळख कशी पटवायची तेही सांगतो. मग कुठे नाव-पासवर्डाची चौकट उघडते. हा पहिला ४०१ म्हणजे "कोण आपण?" एवढीच विचारणा. अपाची या सर्व्हर-प्रोग्रॅमच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये, म्हणजे कोण काय मागून गेलं त्याच्या नोंदीत, तिसरा रकाना नावाचा असतो. तिथं अशा वेळी नुसती आडवी रेघ पडते. दुकानातल्या बऱ्याचशा रेघा वजनकाट्यावरच्या संगणकाच्या निघाल्या. तिथला प्रोग्रॅम दर खेपेला आधी तसाच जातो, मग पासवर्ड घेऊन परत येतो. लगेच खाली २०० ची ओळ, म्हणजे काम झालं.

पासवर्ड चुकला तरी आकडा ४०१ च, पण रेघेच्या जागी टाइप केलेलं नाव येतं. चुकलं काय, ते एरर लॉगमध्ये, म्हणजे चुकांच्या वेगळ्या नोंदवहीत, कळतं: 'पासवर्ड मिसमॅच' किंवा 'युजर नॉट फाउंड'. एनजिनएक्स हा दुसरा सर्व्हर-प्रोग्रॅम चुकलेला पासवर्ड 'एरर' (चूक) पातळीवर नोंदवतो आणि न दिलेला 'इन्फो' (नुसती माहिती) पातळीवर. मूळ सेटिंगमध्ये ही दुसरी नोंद लिहिलीच जात नाही. वेबपानावरच्या फॉर्मने लॉगिन होत असेल तर प्रकार आणखी वेगळा. तिथं पासवर्ड चुकला तरी अनेकदा २०० च उमटतो, म्हणून फसलेल्या प्रयत्नांची नोंद त्या अ‍ॅपनेच ठेवावी लागते.

वाचता वाचता एका ओळीवर माझं बोट थांबलं. तिसऱ्या रकान्यात 'हळद', मग अ‍ॅटचं चिन्ह, पुढे चार आकडे. असं नाव कुणाचं असतं? घाईत दिवाणजींनी नावाच्या जागी पासवर्ड टाइप केला होता. सर्व्हर पासवर्ड लॉगमध्ये लिहीत नाही, नाव मात्र जसंच्या तसं उतरवतो. पुढच्याच ओळीत, आठ सेकंदांनी, त्याच संगणकावरून दिवाणजींचं खरं नाव आणि २००. कुलूप आणि किल्ली एकाखाली एक! मला त्या रेघांपेक्षा या दोन ओळींची धास्ती जास्त वाटली, कारण लॉग लवकर पुसले जात नाहीत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांना ते १८० दिवस जपावे लागतात, आणि बॅकअपमध्ये त्यांच्या प्रती उरतात त्या वेगळ्याच.

दिवाणजींना बोलावून आधी पासवर्ड बदलून घेतला. लॉगची फाइल दुकानातल्या कुणालाही उघडता येत होती, ती फक्त मालकांपुरती केली. मग मुलगा कपाटातून बॅकअपची हार्ड डिस्क घेऊन आला, आणि आम्ही मागच्या हंगामाच्या फायलींचा तिसरा रकाना वाचायला बसलो.