लॅपटॉपची रॅम वाढवायची? बर्डीला निघण्याआधी हे तपासा

नागपूरच्या सीताबर्डीतल्या कुठल्याही लॅपटॉप-दुरुस्तीच्या दुकानात पहिलं उत्तर ठरलेलं असतं: ‘खोलून पाहावं लागेल.’ खरं तर न खोलताही बरंच कळतं. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’वर जा आणि ‘फॉर्म फॅक्टर’ वाचा. तिथे ‘एसओडिम’ असेल तर रॅमची पट्टी खाचेत बसवलेली आहे, म्हणजे बदलता येईल. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर चिपा मदरबोर्डवर सोल्डर केलेल्या, म्हणजे डाग देऊन कायमच्या जोडलेल्या आहेत. शेजारच्या ‘स्लॉट्स यूज्ड’ या आकड्यावर मात्र जाऊ नका, कारण सोल्डर केलेल्या चिपाही त्यात स्लॉट म्हणून मोजल्या जातात.

सोल्डरिंगमागे निव्वळ कंपनीचा लोभ आहे, असं म्हणणं अर्धंच खरं. पातळ लॅपटॉपमधली एलपीडीडीआर ५एक्स रॅम सेकंदाला ७५० कोटी वेळा बिट पाठवू शकते. म्हणजे एका बिटच्या वाट्याला साधारण ०.१३ नॅनोसेकंद येतात. तेवढ्या वेळात सिग्नल बोर्डावर जेमतेम दोन सेंटीमीटर सरकतो. वाटेत कनेक्टर आला की सिग्नलचा काही भाग परत फिरतो आणि पुढच्या बिटमध्ये मिसळतो. त्यात या रॅमच्या सिग्नलचं व्होल्टेज अर्ध्या व्होल्टच्या आसपास असतं, खाचेत बसणाऱ्या साध्या डीडीआर ५ रॅममध्ये ते १.१ असतं. त्यामुळे चुकीला वाव फारच कमी उरतो. तरीही ही अडचण सोडवता येते. एलपीकॅम २ नावाची, स्क्रूने घट्ट आवळून बसवायची मेमरी निघाली आहे आणि २०२४ पासून ती काही लॅपटॉपमध्ये मिळते. तेव्हा ‘तंत्रज्ञानाचा नाइलाज आहे’ ही सबब आता पूर्वीइतकी टिकत नाही.

काही लॅपटॉपमध्ये ८ जीबी सोल्डर केलेली आणि शेजारी एक खाच रिकामी असते. तिथे १६ जीबीची पट्टी टाकली तर २४ जीबी मिळतात, पण पहिले १६ दोन वाटांनी धावतात आणि उरलेले ८ एकाच वाटेने. बहुतेक कामांत हा फरक जाणवतही नाही. पट्टी घेताना पिढी मात्र नीट पाहा: डीडीआर ४ ला २६० पिना असतात, डीडीआर ५ ला २६२, आणि पट्टीच्या कडेवरचा कापही वेगळ्या जागी असतो. एक दुसऱ्यात बसत नाही, जोर लावला तर सॉकेट मोडतं.

आता ज्यामागे भौतिकशास्त्र नाही, ते कुलूप. काही बिझनेस लॅपटॉपमध्ये वाय-फाय कार्ड बदललं की स्क्रीनवर ‘१८०२’ हा क्रमांक आणि ‘अनधिकृत नेटवर्क कार्ड’ अशा अर्थाचा संदेश येतो, मशीन तिथेच थांबतं. प्रत्येक कार्ड सुरू होताना आपली ओळख सांगतं: चिप कोणाची, कोणती आणि कोणत्या कंपनीसाठी बनलेली. बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम, ही ओळख आपल्या यादीशी ताडून पाहतो. गंमत म्हणजे चिप अगदी तीच असली, तरी तिसऱ्या ओळखीत फरक पडला की नकार मिळतो. रेडिओ आणि अँटेना यांची जोडी एकत्र प्रमाणित केलेली असते, असं कारण कंपन्या देत आल्या. कारण पूर्ण खोटं नाही, पण त्यासाठी अख्खं मशीन अडवून धरणं अतिरेकच म्हणायचा. नव्या मॉडेलांत ही यादी बरीच मागे पडली आहे.

यादी असेल तर त्याच मॉडेलसाठी कंपनीने विकलेलं कार्ड शोधा, नाहीतर सरळ यूएसबी वाय-फाय वापरा. बायोस बदलून देतो म्हणणाऱ्यापासून जपा. इंटेलच्या बूट गार्ड या सुरक्षा-यंत्रणेने बायोसची डिजिटल सही तपासली आणि ती जुळली नाही, तर लॅपटॉप सुरूच होत नाही. बायोसच्या चिपवर लिहिणारं ‘प्रोग्रामर’ नावाचं स्वस्त उपकरण ३.३ व्होल्टच्या चिपला कधी ५ व्होल्टही देतं. याशिवाय एक फसवी चूक हमखास होते. इंटेलची एएक्स २११ आणि एएक्स २१० ही वाय-फाय कार्डं सारखीच दिसतात. पण २११ चा निम्मा मेंदू इंटेलच्या प्रोसेसर-चिपसेटमध्ये असतो, त्यामुळे एएमडीच्या किंवा जुन्या मशीनमध्ये ते चालत नाही. तिथे २१० घ्या.

बॅटरीतही ओळख सांगणारी चिप असते. काही मॉडेल बाहेरची बॅटरी ओळखतात, पण ती चार्ज करायला नकार देतात. नकली बॅटरीचा धोका खरा आहे, नागपूरच्या उन्हाळ्यात तर अधिकच. पण मूळ बॅटरीचं उत्पादन बंद झाल्यावर हाच नियम चांगल्या मशीनला भंगारात धाडतो.

काम घरी करणार असाल तर आधी बिटलॉकर (विंडोजमधलं डिस्कचं कुलूप) तात्पुरता थांबवा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. चार्जर काढा, झाकण उघडल्यावर बॅटरीचं कनेक्टर सोडवा आणि पॉवर बटण १५ सेकंद दाबून धरा. मे महिन्यात आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की अंगावर स्थिर वीज सहज साठते, म्हणून पट्टीला हात लावण्याआधी नळासारख्या एखाद्या जमिनीशी जोडलेल्या धातूला स्पर्श करा. कूलरच्या झोतात बसू नका. वाळ्याच्या ताट्यांतून तुषार येतात आणि दोन मिलिमीटरचे स्क्रू कुठे जातात ते सापडत नाही. पट्टी साधारण ३० अंशांत तिरकी सरकवा, सोनेरी कडा जवळजवळ दिसेनाशी झाली की खाली दाबा, दोन्ही बाजूंच्या पकडी टक् करून बसल्या पाहिजेत.

डीडीआर ५ असेल तर पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. प्रोसेसर तेव्हा नव्या रॅमसाठी सिग्नलची वेळ जुळवत असतो. घाबरून बटण दाबलंत तर हे काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.