गच्चीवरचं सोलर आणि महापालिकेचा शिक्का

20 अंशांचं 100 लिटर पाणी 60 अंशांपर्यंत तापवायला जवळपास 4.65 युनिट वीज लागते. चौघांच्या घराला हिवाळ्यात एवढं गरम पाणी सहज लागतं. शहरभरचे गिझर सकाळच्या त्याच दोन-तीन तासांत सुरू होतात आणि नेमकं तेव्हा ऊन नसतं. त्यामुळे वीज तयार करणारे सौर पॅनेल त्या घटकेला उपयोगी पडत नाहीत. सोलर वॉटर हीटर मात्र पडतो, कारण आदल्या दिवसाचं ऊन त्याने टाकीत गरम पाण्याच्या रूपात साठवलेलं असतं.

त्याची रचना साधी आहे. काचेच्या नळीला दोन भिंती असतात. आतल्या भिंतीवरचा काळा लेप ऊन शोषतो आणि दोन्ही भिंतींमधल्या निर्वात पोकळीमुळे उष्णता बाहेर निसटत नाही. तापलेलं पाणी हलकं होऊन वर टाकीत चढतं, थंड पाणी खाली उतरतं. पंप लागत नाही.

याचा प्रसार करणारी सरकारी संस्था आपल्याकडे आहे: महाऊर्जा. 1985 साली स्थापन झालेली, मुख्यालय पुण्यात. 2001 च्या ऊर्जा संवर्धन कायद्याची राज्यात अंमलबजावणी करण्यासाठी नेमलेली संस्थाही तीच. योजना राबवणं, अनुदान देणं, तांत्रिक सल्ला देणं ही तिची कामं. पण इमारतीचा नकाशा मंजूर करणं, इमारत वापरायला परवानगी देणारं भोगवटा प्रमाणपत्र देणं आणि मालमत्ता कर आकारणं हे महापालिका-नगरपालिकांच्या हातात. म्हणून स्थानिक संस्थेची साथ नसेल, तर महाऊर्जेचं बरंचसं काम माहितीपत्रकांपुरतंच उरेल असं मला ठामपणे वाटतं.

ही साथ काही अंशी मिळालेली आहे. पालिका बांधकामांना ज्या नियमांनुसार मंजुरी देतात, त्या राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत रुग्णालयं, हॉटेलं, वसतिगृहं अशा इमारतींना सौर यंत्रणेची तरतूद बंधनकारक आहे. पुणे महापालिकेने सौरऊर्जा, गांडूळ खत आणि पर्जन्यजल संधारण यांपैकी एक प्रकल्प राबवणाऱ्यांना मिळकत करात 5 टक्के, तर दोन राबवणाऱ्यांना 10 टक्के सवलत ठेवली. करबिलात दिसणारी सूट सोसायटीच्या सभेत कुठल्याही जाहिरातीपेक्षा लवकर पटते.

अडचण पुढे येते. भोगवटा प्रमाणपत्र एकदाच मिळतं, यंत्रणा मात्र वर्षानुवर्षं चालायला हवी. बोअरच्या पाण्यातले क्षार नळ्यांत साचतात, पाणी पुरेसं तापत नाही, मग रहिवासी मुकाट्याने गिझर लावतात. कागदोपत्री सोलर शाबूत, वीजबिल जसंच्या तसं.

तपासणी खरं तर अवघड नाही. नळीच्या बंद टोकाला आतून बेरियमचा चंदेरी चकचकीत थर असतो. नळीत हवा शिरली, की तो दुधासारखा पांढरा पडतो. पांढरं टोक म्हणजे निर्वात पोकळी गेली, नळी बदलायची. क्षारांमुळे पाणी कमी तापतंय का, हे कळण्यासाठी दुपारी उशिरा टाकीतल्या पाण्याचं तापमान मोजावं. करसवलत दरवर्षी मिळते, तेव्हा ही पाहणीही दरवर्षी करता येईल. पालिकेच्या कनिष्ठ अभियंत्यांना त्याचं प्रशिक्षण महाऊर्जेने द्यावं आणि सवलत कागदावर न देता टाकीतल्या पाण्याच्या तापमानावर द्यावी.