डेव्हिल्स डेनवरचा गोलंदाज : चौथ्या न्यू यॉर्क बॅटरीच्या स्मारकाची पार्श्वभूमी

पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्ग गावाच्या दक्षिणेला प्रचंड शिळांचा एक पसारा आहे. त्याला डेव्हिल्स डेन म्हणतात. त्याच्या माथ्यालगत ग्रॅनाइटचा एक गोलंदाज, म्हणजे तोफ चालवणारा शिपाई, उभा आहे, हातात तोफ ठासायचा गज घेऊन. उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या राज्यांमधल्या अमेरिकेच्या यादवी युद्धात इथं उत्तरेच्या बाजूनं लढलेल्या चौथ्या न्यू यॉर्क स्वतंत्र बॅटरीचं, म्हणजे तोफांच्या एका तुकडीचं, हे स्मारक लढाईला २५ वर्षं झाली तेव्हा, १८८८ साली, उभं राहिलं. याच जागी या बॅटरीनं आपल्या तीन तोफा गमावल्या. ते कसं घडलं हे कळलं की गोलंदाजाच्या हातातल्या गजाचं मोलही कळतं.

२ जुलै १८६३ रोजी उत्तरेच्या फौजेतल्या तिसऱ्या कोअरचा (कोअर म्हणजे फौजेचा मोठा विभाग) सेनापती डॅनियल सिकल्स यानं वरिष्ठांच्या हुकमाशिवाय आपली फळी पुढं सरकवली. या नव्या फळीचं डावं टोक डेव्हिल्स डेनवर आलं आणि तिथं कॅप्टन जेम्स स्मिथची बॅटरी पाठवण्यात आली. बॅटरीत दहा पौंडी पॅरट जातीच्या सहा तोफा होत्या. पण माथा इतका अरुंद की चारच मावल्या. उरलेल्या दोन सुमारे दीडशे यार्ड मागं, प्लम रन ओढ्याच्या खोऱ्यात दक्षिणेकडं तोंड करून ठेवल्या. शिळांमधून घोडे आणि दारूगोळ्याचे गाडे वर नेणं शक्य नव्हतं. त्यामुळे ते पायथ्याशी मागं ठेवले आणि प्रत्येक गोळा माणसांनी हातानं वर वाहिला. एरवी गोळ्याच्या पेट्या तोफेमागं काही पावलांवर असतात. इथं त्यांच्यासाठी खडकातून चढउतार करावी लागत होती, म्हणजे जितका मारा वाढवायचा तितकी वाहणाऱ्यांची दमछाक.

या तोफेविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पुढचं बरंच काही तिच्या घडणीवरच ठरलं. रॉबर्ट पॅरट यांच्या देखरेखीखाली न्यू यॉर्क राज्यातल्या कोल्ड स्प्रिंग इथल्या वेस्ट पॉइंट फाउंड्रीत ती ओतली जाई. नळी ओतीव लोखंडाची, वजन साधारण ४०० किलो, आत पीळदार खाचा. ओतीव लोखंड ठिसूळ, म्हणून दारू पेटते त्या मागच्या भागावर घडीव लोखंडाचा जाड पट्टा तापवून चढवलेला असे. या जाड पट्ट्यामुळे पॅरट लांबूनच ओळखू येते. मागचा भाग यानं सुरक्षित झाला तरी पट्ट्याच्या पुढं नळी फुटण्याचा धोका उरलाच. पीळदार नळीमुळे गोळा दूर आणि नेमका जाई. समोरच्या टेकाडावर, किलोमीटरभर अंतरावरच्या दक्षिणेच्या बॅटऱ्यांशी दुपारी चारच्या सुमारास जुंपली, तेव्हा स्मिथच्या चार तोफांनी चांगली टक्कर दिली.

खरी पंचाईत पायदळ जवळ आल्यावर झाली. जवळच्या माऱ्यासाठी छर्ऱ्यांचा डबा वापरत. गुळगुळीत, रुंद तोंडाच्या नेपोलियन तोफेच्या डब्यात २७ लोखंडी गोळ्या बसत. पॅरट मॉडेल १८६१ ची नळी मात्र २.९ इंचांची, म्हणजे डबा लहान, आणि खाचांच्या पिळामुळे छर्रेही वेडेवाकडे फाकत. त्यातच तोफेचं तोंड ठरावीक अंशांपलीकडं खाली वाकत नाही. उतारावर शिळा आणि झाडी. त्यांच्या आडोशानं दक्षिणेचे, म्हणजे टेक्सास आणि जॉर्जियाचे, शिपाई एकदा उताराच्या पोटात शिरले की ते माऱ्याच्या खाली जात. दूरच्या तोफेला उत्तम असलेला माथा जवळच्या बंदुकवाल्यासमोर आंधळा ठरला. यात स्मिथचा दोष शोधणं मला अन्यायाचं वाटतं, जागा त्यानं निवडलेली नव्हती. बॅटरीच्या रक्षणासाठी १२४ वी न्यू यॉर्क पायदळ रेजिमेंट उतारावर चालून गेली. त्यात तिचे कर्नल एलिस आणि मेजर क्रॉमवेल दोघेही पडले. एलिस यांचा पुतळा आज बॅटरीच्या स्मारकाजवळच आहे.

आता त्या गजाकडं येऊ. तोफेवर प्रत्येकाला नंबर असे. नंबर एक तोंडाच्या उजव्या बाजूला. त्याच्या लांब दांड्याच्या एका टोकाला ओला बोळा, दुसऱ्या टोकाला ठासायचा लाकडी गट्टू. बार झाला की ओल्या बोळ्यानं नळी पुसून आतले निखारे विझवायचे. नंबर दोन दारूची पिशवी आणि गोळा तोंडात सारतो, नंबर एक ठासतो. तेवढा वेळ नंबर तीन चामड्याची टोपी घातलेल्या अंगठ्यानं तोफेचा कान, म्हणजे आतली दारू पेटवायचं मागचं भोक, गच्च दाबून धरतो. मग सुईनं पिशवी टोचतो. नंबर चार कानात घर्षणानं पेटणारी छोटी नळी बसवतो, तिच्या आकड्यात दोरी अडकवतो आणि हुकूम होताच खेचतो. कानावरचा अंगठा जरा सुटला तर हवा आत खेचली जाते, राहिलेला निखारा फुलतो आणि ठासतानाच बार उडतो. अशा वेळी जातात ते नंबर एकचे हात. म्हणून मुरलेला गोलंदाज गजाला दोन्ही हातांची मिठी मारत नसे, अंगही तोंडासमोर आणत नसे.

गज, बोळा, दोरी, पेटवायच्या नळ्या यांतलं काही नसलं तर तोफ म्हणजे नुसतं ओझं. माथा हातचा जाणार हे दिसल्यावर स्मिथनं नेमका याच गोष्टीचा उपयोग केला. एक तोफ आधीच निकामी होऊन मागं गेली होती. उरलेल्या तीन हातानं ओढत खडकातून उतरवायला वेळ नव्हता. कानात खिळे ठोकले असते तर आपलं पायदळ परत आल्यावर त्या आपल्यालाही लगेच वापरता आल्या नसत्या. त्यानं साहित्य काढून घेतलं आणि माणसं मागं खोऱ्यातल्या दोन तोफांकडं नेली. तिथून त्यांनी दरीत घुसणाऱ्या अलाबामाच्या पलटणींवर मारा चालू ठेवला. माथा मात्र परत मिळाला नाही, तीन तोफा दक्षिणेनं नेल्या. बॅटरीचे २ ठार, १० जखमी, १ बेपत्ता झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ती मोडून माणसं इतरत्र वाटली गेली. तोफ गमावणं हे तोफखान्यात पलटणीचं निशाण गमावण्यासारखं मानत. हा सल स्मिथनं पुढं अनेक वर्षं बाळगला. त्यामुळे तोफा गेल्या त्याच जागी स्मारक उभं राहणं त्या माणसांसाठी फार मोठी गोष्ट होती.

जागा अशी मनाला येईल तिथं मिळत नसे. १८६४ साली स्थापन झालेल्या गेटिसबर्ग बॅटलफील्ड मेमोरियल असोसिएशनकडं रणभूमीची देखभाल होती. लढाईत पडलेल्या शिपायांच्या कब्रस्तानाबाहेर पहिलं रेजिमेंटचं स्मारक १८७९ साली दुसऱ्या मॅसॅच्युसेट्सनं उभारलं आणि १८८० च्या दशकात रांग लागली. मग नियम कडक झाले: तुकडी फळीत जिथं होती तिथंच स्मारक आणि मजकूर आधी मंजूर करून घ्यायचा. नियमांवरून वादही पेटले. ७२ व्या पेनसिल्व्हेनियाचा जागेचा तंटा तर १८९१ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यू यॉर्क राज्याच्या स्मारक समितीचा अध्यक्ष होता सिकल्स, म्हणजे बॅटरीला या माथ्यावर आणणाऱ्या फळीचाच सेनापती. १८९५ साली रणभूमी युद्ध खात्याकडं आणि १९३३ साली नॅशनल पार्क सर्व्हिसकडं गेली.

तिथं ठेवलेल्या तोफा पाहताना एक खबरदारी घ्यावी. जागेवरची तोफ त्याच बॅटरीची असेलच असं नाही. पॅरटच्या तोंडाच्या कडेवर पॅरट यांची आद्याक्षरं, पौंडांत वजन आणि ओतल्याचं साल कोरलेलं असतं. साल १८६३ नंतरचं असेल तर ती नळी त्या दिवशी तिथं नव्हती हे उघड. मॉडेल १८६१ चं तोंड किंचित फुगीर असतं, १८६३ चं सरळ. तोफा ज्यांवर ठेवल्या आहेत ते चाकांचे गाडे तर अस्सल नाहीतच. लाकडी गाडे उघड्यावर कुजतात, म्हणून युद्ध खात्याच्या काळात गेटिसबर्गमधल्याच कॅल्विन गिल्बर्ट यांच्या कारखान्यातून ओतीव लोखंडाचे गाडे बनवून घेतले. त्यांचा शत्रू पाणी. सांध्यांत ते साचतं आणि रंगाखालून गंज धरतो. जुन्या रंगात शिसं असल्यानं नुसता वरून हात मारून चालत नाही, गाडा सुटा करून सगळा रंग काळजीपूर्वक उतरवावा लागतो.

दगडाच्या गोलंदाजाला मात्र माणसानंच दुखावलं. फेब्रुवारी २००६ मध्ये एका रात्री गेटिसबर्गमधल्या तीन स्मारकांची नासधूस झाली. ११ व्या मॅसॅच्युसेट्सचं आणि ११४ व्या पेनसिल्व्हेनियाचं स्मारक त्यात होतं आणि तिसरं हे. पुतळा चौथऱ्यावरून खाली ओढला आणि त्याचं डोकं पळवून नेलं. कित्येक वर्षं तिथं रिकामा चौथरा होता. मग नवं डोकं घडवून पुतळा पुन्हा वर चढवण्यात आला. आज तो हातातला गज धरून पूर्वीच्याच जागी उभा आहे.