सत्ता, विषमता आणि परिवर्तन: एका निबंधविषयाची पार्श्वभूमी

1753 साली फ्रान्समधील दिजाँ शहराच्या एका विद्वत्सभेने बक्षीस लावून निबंधाला विषय दिला: माणसामाणसांतील विषमतेचे मूळ कशात आहे, आणि तिला निसर्गनियमाचा आधार आहे का? या स्पर्धेसाठी लिहिलेला आणि 1755 मध्ये छापून आलेला एक निबंध आजही वाचला जातो, मात्र बक्षीस त्याला मिळाले नव्हते. महाविद्यालयीन समाजशास्त्रात सत्ता, विषमता आणि सामाजिक परिवर्तन यांवर जे निबंध लिहवून घेतले जातात, त्यांचा धागा एवढा मागे नेता येतो. तो तितका ताणण्याचे फारसे कारण मात्र नाही, कारण हे तीन शब्द एका दमात उच्चारण्याची सवय बरीच अलीकडची आहे. तिन्ही शब्द तीन वेगवेगळ्या भांडणांतून आले आणि त्यांचा मिलाफ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला.

समाजशास्त्राला त्याचे नाव 1830च्या दशकाच्या अखेरीस मिळाले, तेव्हाच त्याची दोन दालने पाडण्यात आली होती. समाज टिकतो कसा हे एकीकडे आणि तो पुढे सरकतो कसा हे दुसरीकडे. या दुसऱ्या दालनातील मालाला त्या काळी प्रगती म्हणत. वर्गसंघर्षाच्या मांडणीनेही प्रगतीवरचा हा विश्वास सोडला नव्हता, तिची वाट संघर्षातून जाते एवढेच तिचे म्हणणे होते. पहिल्या महायुद्धानंतर मात्र प्रगती हा शब्द लिहिताना लेखणी अडखळू लागली, आणि 1922 मध्ये अमेरिकेत निघालेल्या एका पुस्तकाने सामाजिक परिवर्तन हा त्या मानाने कोरडा शब्द थेट शीर्षकातच घेतला. यंत्रे आधी येतात आणि कायदे व रूढी मागून रखडत येतात, हे त्यातले गाजलेले प्रतिपादन. कारखान्यांतील अपघात वाढत गेले तरी कामगारांना नुकसानभरपाई देणारे कायदे व्हायला कित्येक दशके लागली, हे त्याचे उदाहरण. निबंधांत ते अजून हमखास भेटते. ती दिरंगाई कोणाच्या पथ्यावर पडत होती, हा प्रश्न मात्र त्याच्यासोबत सहसा येत नाही, कारण तो विचारण्यासाठी सत्तेची संकल्पना हाताशी असावी लागते आणि ती संकल्पना दुसऱ्याच वाटेने येत होती.

योगायोग असा की त्याच वर्षी, म्हणजे 1922 मध्ये, दोन वर्षांपूर्वी निवर्तलेल्या एका जर्मन समाजशास्त्रज्ञाचा अपुरा राहिलेला ग्रंथ एकत्रित स्वरूपात बाहेर पडला. सत्तेवरचा जवळजवळ प्रत्येक निबंध ज्या व्याख्येने सुरू होतो ती त्या ग्रंथातली: एखाद्या सामाजिक संबंधात समोरच्याचा विरोध असतानाही आपली इच्छा तडीस नेता येण्याची शक्यता, मग त्या शक्यतेचा पाया काहीही असो. व्याख्या पाठ असते, पण ती करणाऱ्याने लगेच पुढे तिच्याबद्दल जी नापसंती व्यक्त केली ती पाठ नसते. जर्मन भाषेत हा शब्द ‘माख्ट’ असा आहे, आणि लेखकाच्या मते तो इतका सैल, इतका बिनआकाराचा आहे की त्याच्यावर शास्त्र उभारता येत नाही. माणसाचा कोणताही गुण आणि कोणतीही परिस्थिती त्याला कधी ना कधी दुसऱ्यावर मात करायला उपयोगी पडू शकते. म्हणून त्याने दुसरा, अधिक काटेकोर शब्द पुढे केला, ‘हेरशाफ्ट’. विशिष्ट आशयाची आज्ञा विशिष्ट माणसांकडून पाळली जाण्याची शक्यता, असा त्याचा अर्थ त्याने ठरवून दिला. या शब्दाच्या पोटात ‘हेर’ आहे, म्हणजे धनी किंवा स्वामी. मराठीतल्या हेराशी त्याचे काही नाते नाही. शब्दशः पाहिले तर तो धनीपण असा होतो, आणि त्यात चाकरही गृहीत असतो.

पुढची सगळी गुंतागुंत या एका शब्दाच्या भाषांतराने निर्माण केली. 1947 मध्ये ग्रंथाच्या पहिल्या भागाचे इंग्रजी भाषांतर आले. भाषांतरकारांपैकी एक जण स्वतः मोठा सिद्धांतकार होता, आणि समाजाची घडी सामायिक मूल्यांवर बसलेली असते, अशी त्याची स्वतःची धारणा होती. ‘हेरशाफ्ट’ला इंग्रजीत समाधानकारक प्रतिशब्द नाही, हे त्याने तळटीपेत प्रामाणिकपणे सांगितले. आज्ञाधिष्ठित नियंत्रण अशा अर्थाचा एक अवघड शब्दप्रयोग त्याने केला, आणि जिथे वैधतेचा संबंध आला तिथे ‘ऑथॉरिटी’ हा शब्द वापरला. पाहता पाहता अवघड शब्दप्रयोग मागे पडला आणि ‘ऑथॉरिटी’ वर्गात शिरली. 1968 मध्ये संपूर्ण ग्रंथ तीन खंडांत इंग्रजीत आला, तेव्हा संपादकांनी बऱ्याच ठिकाणी ‘डॉमिनेशन’ हा शब्द योजला. वीस वर्षांच्या अंतराने एकाच मूळ शब्दाचे असे दोन चेहरे झाले. एका चेहऱ्यात लोक मान देतात म्हणून आज्ञा चालते, दुसऱ्यात आज्ञा चालवणारा वरचढ असतो म्हणून चालते. दोन्ही भाषांतरांना मूळ ग्रंथात आधार सापडतो, हे मान्य करावे लागेल. पण पहिल्या पर्यायाने आज्ञा पाळणाऱ्याच्या संमतीला जेवढे वजन दिले तेवढे मूळ लेखकाने दिलेले नव्हते, असे म्हणणाऱ्यांची बाजू प्रस्तुत लेखकाला अधिक सबळ वाटते.

या घोळाचा एक मासला पाहण्याजोगा आहे. 1957 मध्ये एका जर्मन समाजशास्त्रज्ञाने असे मांडले की वर्ग मालमत्तेमुळे पडतात असे समजण्यापेक्षा ते आज्ञा देणारे आणि आज्ञा पाळणारे यांच्यातल्या दरीमुळे पडतात असे समजावे. 1959 मध्ये त्याने स्वतःच हे पुस्तक इंग्रजीत आणले, तेव्हा त्याला आपल्याच मायबोलीतल्या ‘हेरशाफ्ट’साठी 1947च्या भाषांतराभोवती रुळलेली, आज्ञाधिष्ठित समन्वय अशा अर्थाची बोजड शब्दसंहती घ्यावी लागली. परिणामी संघर्षवादी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या सिद्धांताची परिभाषा त्याच्या प्रतिपक्षाकडून, म्हणजे सामायिक मूल्यांवर भर देणाऱ्या त्या भाषांतरकाराकडून, उसनी आली. निबंधात कार्यवादी (समाजातली प्रत्येक व्यवस्था समाज टिकवण्याचे काही कार्य करते असे मानणारे) आणि संघर्षवादी असे दोन कप्पे करून मजकूर वाटून टाकणाऱ्या विद्यार्थ्याला याचा पत्ता नसतो, आणि तो लागावा अशी व्यवस्थाही नसते.

मराठीत हा गुंता आणखी एक पीळ घेतो. सत्ता हा शब्द मुळात ‘सत्’पासून आलेला, असणे या अर्थाचा. मराठीत मात्र सत्ता येते, जाते, हाती लागते, उलथते, आणि कोणीतरी ती गाजवतो. म्हणजे भाषेनेच तिला वस्तू करून ठेवले आहे. व्याख्येतील सत्ता ही दोन बाजूंमधल्या संबंधातली शक्यता असते, वस्तू नसते. त्यामुळे व्याख्या अचूक लिहून झाल्यावर दुसऱ्याच परिच्छेदात निबंध सरकार, पक्ष आणि निवडणुका यांच्याकडे वळतो, आणि घर, कचेरी, रुग्णालय ही ठिकाणे विषयाबाहेर राहतात. अधिकार या शब्दाची अडचण वेगळी आहे. हक्क आणि हुकूम देण्याची मुभा हे दोन्ही अर्थ तो वाहतो, म्हणून ‘स्त्रियांना अधिकार नाकारला गेला’ या वाक्यात नेमके काय नाकारले गेले हे संदर्भाशिवाय कळत नाही. ‘ऑथॉरिटी’साठी अधिसत्ता आणि प्राधिकार हे पर्याय नेमके आहेत, पण ते परिभाषेच्या बाहेर कोणी बोलत नाही. वर्चस्व हा शब्द ‘डॉमिनेशन’साठी चालतो आणि ‘हेजेमनी’साठीही, वास्तविक 1929 ते 1935 या काळात इटलीतील तुरुंगात लिहिल्या गेलेल्या टिपणांत ‘हेजेमनी’चा सारा भर वरचढांनी इतरांची संमती कमावण्यावर होता. म्हणून काहींनी तिच्यासाठी धुरीणत्व हा शब्द पुढे केला. धुरा वाहणाऱ्याच्या मागे लोक आपण होऊन चालतात, ही त्यातली छटा नेमकी आहे, तरी उत्तरपत्रिकांत तो क्वचितच दिसतो. एका ठिकाणी मात्र मराठीला आयता लाभ झाला: ग्रीक मुळाचा ‘करिझ्मा’ (लोकांना भारून टाकणारे व्यक्तिमत्त्व) आणि फारसीतून आलेला करिष्मा यांचा व्युत्पत्तीने काही संबंध नसताना अर्थ आणि उच्चार दोन्ही इतके जवळ आले की प्रतिशब्द शोधण्याची वेळच आली नाही.

विषमतेच्या बाजूला याच सुमारास दुसरा वाद पेटला होता. 1945 मध्ये दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी जेमतेम काही पानांच्या एका लेखात असा युक्तिवाद केला की समाजाला काही कामे अधिक महत्त्वाची असतात, ती करू शकणारी माणसे थोडी असतात, त्यांना दीर्घ प्रशिक्षण घ्यावे लागते, आणि म्हणून त्या कामांना अधिक मोबदला जोडलेला असतो. लेखकांनी सुरुवातीलाच बजावले होते की आपण स्थानांबद्दल बोलत आहोत, त्या स्थानांवर बसलेल्या व्यक्तींबद्दल नाही. बहुतेक निबंध नेमके हेच वाक्य गाळतात आणि ‘कार्यवाद्यांच्या मते श्रीमंत अधिक लायक असतात’ असे लिहून मोकळे होतात. लेखातली खरी फट 1953च्या प्रत्युत्तराने दाखवली. कोणते काम अधिक महत्त्वाचे हे मोबदल्याकडे न पाहता ठरवण्याचे मापच लेखात नव्हते. शिवाय आधीच्या पिढीची विषमता पुढच्या पिढीतील गुणवत्तेचा शोध घेऊच देत नाही, आणि प्रशिक्षणासाठी केला जाणारा तथाकथित त्याग प्रत्यक्षात बहुधा आईवडिलांच्या पैशावर होतो, हेही त्यात दाखवून दिले होते. या वादाचा अवशेष म्हणून समाजातील वरच्या-खालच्या थरांच्या रचनेसाठी स्तरीकरण हा भूगर्भशास्त्राची आठवण करून देणारा शब्द राहिला. थर जमिनीत आपोआप साचतात आणि ते कोणी रचलेले नसतात, ही त्यातली सूचना पुढे अनेकांना खटकू लागली, आणि विषमता हा उघडपणे नैतिक झाक असलेला शब्द पुन्हा पुढे आला.

सत्ता आणि विषमता यांची गाठ पडली ती शहरांच्या अभ्यासांत. 1953 मध्ये अटलांटा शहरावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गावात कोणाचा शब्द चालतो हे जाणकारांना विचारत विचारत अभ्यासकाने 40 जणांची यादी काढली होती, आणि तिच्यात उद्योगव्यवसायातल्या मंडळींचा भरणा होता. 1961 मध्ये न्यू हेवनच्या अभ्यासाने ही पद्धतच धुडकावली. ज्याच्याबद्दल बोलले जाते त्याच्या हाती सत्ता असतेच असे नाही, तेव्हा प्रत्यक्ष निर्णय तपासावेत, असा त्याचा आग्रह होता. शहराची पुनर्बांधणी, शाळा आणि पक्षांची उमेदवारी अशा तीन क्षेत्रांतील निर्णय तपासल्यावर सगळीकडे एकाच गटाची सरशी होताना दिसली नाही. 1962 मध्ये यावर आक्षेप आला की जे प्रश्न निर्णयाच्या मेजापर्यंत पोहोचूच दिले जात नाहीत, ते निर्णयांच्या यादीत दिसणार कसे?

या आक्षेपाला हाडामांसाचे उदाहरण 1971 च्या एका अभ्यासाने दिले. अमेरिकेत इंडियाना राज्यात मिशिगन सरोवराच्या काठी गॅरी आणि ईस्ट शिकागो ही पोलादाची दोन शेजारी शहरे आहेत. दोन्हीकडे धूर सारखाच होता. ईस्ट शिकागोने 1949 मध्ये हवेच्या प्रदूषणावर नियम केले, गॅरीला त्यासाठी 1962 उजाडले. ईस्ट शिकागोत कारखाने अनेकांचे होते, तर गॅरी हे एकाच कंपनीने वसवलेले शहर होते. त्या कंपनीने नियमांविरुद्ध मोठी मोहीम चालवल्याचे आढळले नाही. तिने विरोधही केला नाही आणि पाठिंबाही दिला नाही. तिचे तिथे असणे आणि ती काय करील याचा लोकांनी मनाशी बांधलेला अंदाज, एवढ्यावर तेरा वर्षे निघून गेली. निर्णयांची नोंदवही उघडून बसणाऱ्याला यातले काहीच सापडले नसते. 1974 मध्ये एका इंग्रज लेखकाच्या छोटेखानी पुस्तकाने याच उदाहरणाचा आधार घेऊन, घेतलेले निर्णय आणि मेजापर्यंत पोहोचू न दिलेले प्रश्न या दोन मितींपलीकडची सत्तेची तिसरी मिती मांडली. माणसांना काय हवेसे वाटावे हेच घडवणारी सत्ता सर्वांत परिणामकारक असते, कारण तिच्याविरुद्ध तक्रारच उमटत नाही, असे त्याचे म्हणणे होते.

त्यानंतरच्या घडामोडी निबंधांत इतकी जागा व्यापतात की आधीचे सारे प्रस्तावनेपुरते उरते. 1975 मध्ये फ्रान्समध्ये तुरुंगांच्या इतिहासावर आलेल्या एका पुस्तकाने सत्ता मनाई करते त्याहून अधिक ती घडवते, असे सांगताना वेळापत्रक, निरीक्षण आणि परीक्षा यांची उदाहरणे दिली. हा मुद्दा आज हजारो विद्यार्थी परीक्षेच्याच दालनात, घड्याळाकडे पाहत लिहितात. 1989 मधील एका कायदेविषयक लेखाने विषमतेचे कप्पे मोडले. त्यात चर्चिलेल्या, 1976 मध्ये निकाल लागलेल्या एका खटल्यात, मोटारी बनवणाऱ्या कंपनीने 1964 पूर्वी एकाही कृष्णवर्णीय स्त्रीला कामावर घेतलेले नव्हते, आणि मंदीत सेवाज्येष्ठतेने कपात केली तेव्हा उशिरा लागलेल्या या स्त्रियांच्या नोकऱ्या गेल्या. कंपनीत स्त्रिया आधीपासून होत्या, त्या गोऱ्या होत्या एवढेच, म्हणून न्यायालयाला लिंगभेद दिसला नाही. वंशभेदाची तक्रार दुसऱ्या खटल्यात मिसळावी असे सुचवले गेले, आणि दोन्ही भेद एकत्र धरणारा वेगळा वर्ग मानायला नकार मिळाला. ‘इंटरसेक्शनॅलिटी’ (एकमेकांना छेदणारे भेद) या संज्ञेचा जन्म या इतक्या नेमक्या अडचणीतून झाला होता. निबंधात ती वंश, वर्ग, लिंग अशा स्वल्पविरामांनी जोडलेल्या यादीपुरती उरते, आणि ज्येष्ठतेसारखा वरकरणी निष्पक्ष नियम जुना अन्याय पुढे कसा नेतो हा तिचा गाभा सुटून जातो.

1974च्या त्या छोटेखानी पुस्तकाची मोठी झालेली दुसरी आवृत्ती 2005 मध्ये निघाली. तिच्यात लेखकाने स्वतःची चूक नोंदवली आहे: एखाद्याच्या हिताविरुद्ध त्याच्यावर परिणाम घडवणे म्हणजे सत्ता, अशी व्याख्या करायला नको होती, कारण सत्ता ही क्षमता आहे, ती वापरली जाईलच असे नाही, आणि दुसऱ्यावर कुरघोडी करणे हा तिचा फक्त एक प्रकार आहे. ‘माख्ट’ आणि ‘हेरशाफ्ट’ वेगळे ठेवू पाहणाऱ्या 1922च्या ग्रंथाच्या आसपासच हा लेखक फिरून आला, असे म्हणायला हरकत नाही. निबंधांत उतरवली जाते ती मात्र अजूनही 1974ची व्याख्या.