व्ह्यूज किती आणि बाटल्या किती

आमचा परळला छोटासा ग्रुप आहे, रक्तदानाचे कॅम्प घेतो. गेल्या मे महिन्यात एका पोराने रील टाकली आणि ती जी सुटली, दोन दिवसांत लाखावर व्ह्यूज, सगळे खुश, कोणीतरी वडापाव पण मागवले. रविवारी कॅम्पला आले किती, तर 40-45, त्यातले निम्मे आमचे नेहमीचेच.

म्हणजे रील गाजली, पण कॅम्प नाही, आणि हे दोन आपण सारखे एक समजतो. मुळात व्ह्यूज म्हणजे रील किती वेळा चालली, एकानेच पाचदा बघितली तरी पाच धरतात. रीच म्हणजे किती वेगवेगळ्या अकाउंटपर्यंत गेली. पण त्यातले इंदूर-लखनौचे किती आणि रविवारी सकाळी 9 ला परळला उतरू शकणारे किती, हे कोणी बघत नाही.

रक्ताच्या बाबतीत तर हा फरक जास्तच टोचतो, कारण रक्त फार दिवस साठवून ठेवता येत नाही ना, 35 ते 42 दिवसच टिकतं, प्लेटलेट्स तर 5 च दिवस. एका आठवड्यात लाट आली आणि मग महिनाभर शुकशुकाट, तर थॅलेसेमियाच्या ज्या पोरांना दर 2 ते 4 आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं त्यांनी करायचं काय? त्यात मेमध्ये कॉलेजं बंद, अर्धी मुंबई गावी. पुरुषाला 3 महिन्यांनी परत देता येतं, बायकांना 4 महिन्यांनी. त्यामुळे आमची खरी कमाई म्हणजे एक कंटाळवाणी एक्सेल शीट: नाव, रक्तगट, शेवटचं कधी दिलं.

आणि ते 'अर्जंट ओ निगेटिव्ह पाहिजे'वाले फॉरवर्ड! पेशंट कधीच घरी गेलेला असतो, नातेवाइकाचा फोन मात्र वर्षभर वाजत राहतो.

आता हाइप फुकटच जाते असंही नाही हां. 2014 चं ते आइस बकेट चॅलेंज आठवतंय, बर्फाच्या पाण्याची बादली डोक्यावर ओतून घ्यायचं? तेव्हा मलाही तो चक्रमपणा वाटला होता, पण त्यातून अमेरिकेतल्या एएलएस (मज्जातंतूंचा एक आजार) असोसिएशनला साधारण 11.5 कोटी डॉलर मिळाले, आणि त्या पैशावर चाललेल्या संशोधनातून 2016 मध्ये या आजाराशी संबंधित एक जीन पण सापडला. कारण चॅलेंजमध्येच पैसे द्यायचं होतं, आणि आलेला पैसा कुठे लावायचा ते संस्थेला माहीत होतं. आमची रील फिरत होती तेव्हा बायोमध्ये साधा फॉर्म नव्हता, कॅम्पचा पत्ता पण कोणीतरी कमेंटमध्ये विचारल्यावर टाकला.

आता मीटिंगला आधी तीनच आकडे विचारतो, फोन किती आले, प्रत्यक्ष किती आले, आणि मागच्यांपैकी परत किती आले. व्ह्यूज चहा येईपर्यंत बघतो, मजा म्हणून. तो रीलवाला पोरगा सध्या शीटमधल्यांना फोन लावतोय, दहातले चार उचलतात.